सील शाबूत आहे

धाकट्या जावयांनी बावन्नावं वर्ष ओलांडलं होतं. कपाळ मागे सरकत टाळूपर्यंत पोचलं होतं, मुलगी नोकरीला लागली होती आणि वजनमापे खात्यातले निरीक्षक म्हणून त्यांचा असा वचक होता की ते रस्त्याच्या टोकाशी दिसले तरी दुकानदार तराजू पुसायला घेत. पण सासरी ते धाकटे ते धाकटेच. याला कारण एकच, थोरले जावई हयात होते. नुसते हयात नव्हते तर चांगले धडधाकट होते, एसीचं दोन मजली दुकान चालवत होते आणि कुठल्याही समारंभाला सगळ्यांच्या आधी पोचत होते.

शेजाऱ्याचा हेवा वाटला तर माणूस घर बदलतो, सहकाऱ्याचा वाटला तर बदली मागतो. साडूचं काय करणार? तो लग्नाबरोबर येतो आणि जन्मभर पुरतो. धाकट्यांना थोरल्यांच्या आवाजाचा हेवा वाटे, गाडीचा वाटे, पोट असूनही शर्ट नीट बसतो याचाही वाटे. सर्वांत जास्त हेवा वाटे तो एका वाक्याचा. घरात काही अडलं की बायको म्हणायची, "जमत नसेल तर भाऊजींना सांगते." या वाक्यात ‘जमत नसेल’ हे शब्द ती इतक्या मायेने म्हणे की भांडायलाही जागा राहत नसे.

इथे एक जुनी गोष्ट सांगायलाच हवी, कारण पुढचं सगळं रामायण तिच्यामुळेच घडलं. बारा वर्षांपूर्वी भर पंगतीत थोरले म्हणाले होते, "साडूभाऊ, तुमच्याकडे एक एसी बसवून देतो. माझ्याकडून भेट." धाकट्यांच्या तोंडून पटकन निघून गेलं, "छे छे, आम्हाला एसी सोसत नाही. सांधे धरतात." झालं. त्या एका वाक्यापायी घराने बारा उन्हाळे घामात काढले. सासरी एसी लावला की धाकटे आठवणीने गुडघे चोळत. गुडघ्यांना काहीही झालेलं नव्हतं.

तर सासरेबुवांना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत होती. हॉल, खुर्च्या आणि जेवण थोरल्यांनी परस्पर ठरवूनही टाकलं. उरली एकच गोष्ट. कपाटात बावीस जुन्या व्हिडिओ कॅसेटी होत्या. नऊ वर्षांपूर्वी गेलेल्या सासूबाई त्यांत हसत होत्या, बोलत होत्या, रागावत होत्या. त्यांचा आवाज आता दुसरीकडे कुठेच नव्हता. त्या सगळ्यांतून तासाभराची एक फिल्म करायची होती. थोरले म्हणाले, "माझ्या दुकानातला संगणक नवीन आहे. फाइल टाकली की चहाचा कप खाली ठेवायच्या आत पलीकडे. मी करून टाकतो." धाकटे पुढे सरसावले. बायको आपल्या आईचा आवाज ऐकणार, आणि तो साडूच्या कृपेने? "फिल्म मी करणार," ते इतक्या मोठ्याने म्हणाले की सासरेबुवांनी कानातलं यंत्र नीट केलं.

दुसऱ्याच दिवशी ते संगणकाच्या दुकानात गेले आणि थोरल्यांच्या संगणकात आहे तीच वस्तू, पण एक नंबर वरची, घेऊन आले. च्युइंगगमच्या कांडीएवढी पट्टी. तिला एनव्हीएमई एसएसडी म्हणतात आणि सगळ्या फायली तिच्या पोटात मावतात हे बायकोला पटवायलाच अर्धा तास गेला. खोक्यावर लिहिलं होतं, सेकंदाला सात हजार मेगाबाइटपर्यंत. त्यातला ‘पर्यंत’ इतका बारीक छापला होता की तेलाच्या डब्यावर दिसता तर धाकट्यांनी दुकानदाराला तिथल्या तिथे पंचनाम्याला उभं केलं असतं. पण प्रेमात आणि ईर्षेत माणूस बारीक अक्षरं वाचत नाही.

पट्टी बसवण्याचं काम त्यांनी स्वतः केलं. पट्टी फार तापते म्हणून तिच्यावर बसवायला अॅल्युमिनियमची एक पन्हळी फळी दिली होती. फळीच्या आतल्या बाजूला मऊ गादी होती, आणि गादीवर कंपनीचं चिन्ह असलेला एक पातळ, पारदर्शक कागद. धाकट्यांनी त्यावरचं चिन्ह तेवढं भिंगातून पाहिलं आणि त्यांच्या मनाला बरं वाटलं. सील! अठ्ठावीस वर्षं त्यांनी लोकांना एकच गोष्ट शिकवली होती, काही झालं तरी सील तोडायचं नाही. त्यांनी कागदाला धक्काही न लावता फळी वरून दाबून बसवली, स्क्रू आवळले आणि बायकोला म्हणाले, "बघ, सील शाबूत ठेवून काम केलं. असं काम करायला शिस्त लागते."

कॅसेटींच्या फायली स्टुडिओतून करून आणल्या होत्या. पहिली फाइल टाकली आणि पडद्यावरचा वेगाचा आकडा असा धावला की धाकटे खुर्चीतून उठलेच. "अगं ये! लवकर ये! बघ कसं पळतंय!" बायको हात पुसत येईपर्यंत दोन मिनिटं गेली. तोवर आकडा मंदावला, मग रांगू लागला, मग नुसताच बसला. बायकोने चष्मा लावून पडद्याकडे पाहिलं. "हेच का ते पळणं?" ती म्हणाली. पुढचं वाक्य तिने उच्चारलं नाही, पण धाकट्यांना ते पूर्ण ऐकू आलं.

रोज हेच. सुरुवातीला दोन मिनिटं हरणाची चाल आणि नंतर कासवाचीही लाज. दुकानदाराने फोनवर उलगडा केला. "साहेब, पट्टी तापतेय. ऐंशी अंशांच्या वर गेली की ती जीव वाचवायला स्वतःच हळू होते. बिघाड नाही, शहाणपण आहे तिचं. खोली थंड ठेवा. एसी आहे ना?"

"आम्हाला सोसत नाही," धाकटे सवयीने म्हणाले.

"तुम्हाला नाही हो, पट्टीला."

धाकट्यांनी फोन ठेवला. एसी म्हणजे साडू. जगातली थंडी एकाच माणसाच्या मालकीची असावी हा काय न्याय झाला?

बातमी जिन्यात पोचायला वेळ लागला नाही. समोरच्या दारातल्या निवृत्त मेट्रनबाई चपला न काढताच आत आल्या. "किती आहे ताप?" धाकट्यांनी पडद्यावरचा आकडा दाखवला. चौऱ्याऐंशी. मेट्रनबाई खुर्ची ओढून बसल्या. "माझ्या अख्ख्या नोकरीत एवढा ताप नाही पाहिला. एकशे सहाच्या पुढे आम्ही नातेवाइकांना बोलवायचो." हे अंश वेगळे असतात हे धाकट्यांनी समजावलं. बाईंनी ऐकून घेतलं, घरी गेल्या आणि तापाचा तक्ता घेऊन परत आल्या. त्या दिवसापासून संगणकाच्या बाजूला तक्ता लटकू लागला. बाई दर चार तासांनी येऊन ताप लिहीत, खाली सही करीत आणि शेरा मारीत, ‘रुग्ण सुस्त’.

वरच्या मजल्यावरचे भूगोलाचे मास्तर आले ते होकायंत्र घेऊनच. त्यांच्या मते दोष पट्टीचा नव्हता, वाऱ्याचा होता. "निरीक्षकसाहेब, हवा नैर्ऋत्येकडून आत येते आणि तुमचं टेबल ईशान्येला! तिला बिचारीला वाराच लागत नाही." टेबल हलवायचं म्हणून कपाट हलवलं, कपाट हलवायचं म्हणून पलंग उभा केला. शेवटी टेबल दारात आलं. आठवडाभर घरातली माणसं आतल्या खोलीत वाकून, टेबलाखालून जात होती. ताप एका अंशाने उतरला. मास्तरांनी विजयी मुद्रेने तो आकडा वहीत टिपून घेतला.

मग संगणकाची एक बाजू उघडून समोर पंखा ठेवला. पंखा लावताक्षणी बायकोने तीन दिवस खपून लिहिलेल्या बावीस कॅसेटींच्या चिठ्ठ्या घरभर उडाल्या. गोळा करून लावल्या तेव्हा सासरेबुवा आधी निवृत्त झाले, मग त्यांना बढती मिळाली आणि थोरल्या मुलीच्या लग्नाला तिचाच मुलगा हजर राहिला. मेट्रनबाईंच्या सांगण्यावरून बर्फाची पिशवीही ठेवून पाहिली. पिशवीला घाम फुटला, घामाचे थेंब कळफलकात गेले आणि त्यानंतर ‘स’ हे अक्षर उमटेनासं झालं. फिल्मच्या पहिल्या पाटीवर ‘आमचे लाडके ारेबुवा’ असं दिसू लागलं. बायको खुर्चीत बसून हसली, मग उठून गॅलरीत गेली. परत आली तेव्हा तिचे डोळे लाल होते.

"अहो, आईचा आवाज ऐकायचाय मला," ती म्हणाली. "बाकी काही नाही. कुणी का ऐकवेना."

ते ‘कुणी का ऐकवेना’ धाकट्यांच्या काळजात घुसलं. त्यांनी ताडकन कंपनीच्या ग्राहक सेवेला फोन लावला. वीस मिनिटं पेटीवर एकच धून वाजली. मग एक गोड आवाज आला. "सर, संगणक बंद करून पुन्हा चालू केलात का?"

"अकरा वेळा."

"सील तुटलेलं नाही ना, सर?"

"बाई, मी वजनमापे खात्यात आहे. माझ्या हातून सील तुटत नाही. वरचं, खालचं, आतलं, सगळं शाबूत आहे."

"फार छान, सर. आता पट्टीवरच्या लेबलचा फोटो पाठवा."

"लेबल फळीच्या खाली झाकलं गेलंय."

"मग फळी काढून पाठवा."

"फळी काढली तर हमी रद्द होईल, असं तुमच्याच पत्रकात आहे."

"बरोबर आहे, सर. त्यामुळे फोटोशिवाय तक्रार नोंदवता येणार नाही."

हे वळण धाकट्यांच्या ओळखीचं होतं. असंच उत्तर देऊन त्यांनी स्वतः कितीतरी दुकानदारांना परत पाठवलं होतं. इतकं सुंदर काम दुसऱ्या कुणाच्या हातून झालेलं त्यांनी प्रथमच पाहिलं, आणि त्यांना त्या बाईचाही थोडा हेवा वाटला.

समारंभाच्या आदल्या दिवशी सकाळी फिल्म जोडायला लावली. एकसष्ट टक्क्यांवर गाडी थांबली. दुपारपर्यंत एकसष्टच. मेट्रनबाईंनी तक्त्यावर ‘गंभीर’ असा शेरा मारला. बायकोने फोन उचलला आणि धाकट्यांनी तिला अडवलं नाही. गेल्या बारा वर्षांत त्यांनी एवढं मोठं काम केलं नव्हतं.

थोरले स्वतः गाडी घेऊन आले. हेही धाकट्यांना लागलं. बोलावून न येते तर निदान नावं ठेवता आली असती. सगळ्या फायली त्या मंद पट्टीतच अडकल्या होत्या, म्हणून संगणकच उचलून दुकानात नेला आणि वरच्या मजल्यावर नमुन्याचे सहा एसी एकदम चालू केले. बायको आणि तिची बहीण हॉल बघायला गेल्या. धाकटे कुडकुडत संगणकासमोर बसले, आणि इतकी वर्षं खोटे दुखणारे गुडघे त्या दिवशी खरोखर दुखले. पहिली दोन मिनिटं आकडा धावला. मग मंदावला. रांगू लागला. त्र्याऐंशी अंश.

आणि इथे सांगायला नको, पण खरं ते सांगितलंच पाहिजे. धाकट्यांना आनंद झाला. सहा-सहा एसी लावूनही साडूला जमलं नाही! हा आनंद जेमतेम अर्धं मिनिट टिकला. मग त्यांना बायकोचे लाल डोळे आठवले आणि त्या थंडीतही त्यांच्या कपाळावर घाम आला.

थोरल्यांनी आपल्या दुकानातल्या जुन्या मिस्त्रींना हाक मारली. मिस्त्री एसी दुरुस्त करण्यात म्हातारे झाले होते. त्यांनी फळीवर बोट ठेवलं. "साहेब, पट्टी तापलीय आणि फळी तर गार. म्हणजे मधे काहीतरी आहे." त्यांनी स्क्रू काढले, फळी उलटी केली, चष्मा कपाळावरून नाकावर घेतला. "हा कागद काढला नाही का?"

"ते सील आहे," धाकटे म्हणाले.

"सील कुठलं? गादीवरचं झाकण आहे हे. हे काढलं की गादी पट्टीला चिकटते आणि ताप फळीत जातो. तुम्ही पट्टीला गोधडी पांघरलीत नुसती." मिस्त्रींनी नखाने कागदाचा कोपरा धरला आणि चर्रकन ओढला. तो आवाज धाकट्यांना आपल्या अंगावरून गेल्यासारखा वाटला. कागद भिंगाखाली धरला तर त्यावर केसाएवढ्या अक्षरांत छापलं होतं, वापरण्यापूर्वी काढा.

पाच मिनिटांत फळी तापली आणि पट्टी अठ्ठावन्न अंशांवर आली. थोरले हसले असते तर बरं झालं असतं. ते हसले नाहीत. म्हणाले, "होतं असं. आमच्याकडे लोक जाळीवरची प्लॅस्टिकची पिशवी न काढता दोन-दोन वर्षं एसी चालवतात." असं समजूतदार बोलणारा साडू म्हणजे जखमेवर मीठच.

फिल्म पूर्ण झाली. दोघांनी एकदा लावून पाहिली. त्यात सासूबाई पडदे लावून घेत होत्या. खिडकीपाशी खुर्ची, खुर्चीवर तरुण धाकटे, खाली तरुण थोरले. सासूबाई म्हणत होत्या, "थोरले, तुम्ही नुसती खुर्ची धरा. माप धाकटे घेतील. त्यांचं चुकायचं नाही." हे दृश्य धाकट्यांनी तीन आठवड्यांत पन्नासदा पाहिलं होतं, पण दरवेळी त्यांचं सगळं लक्ष थोरल्यांच्या नव्या शर्टाकडे होतं.

"तेव्हा मी दिवसाला दहा घरांची मापं घेत होतो," थोरले पडद्याकडे बघत हळूच म्हणाले. "आणि मला म्हणाल्या, खुर्ची धरा. पंचवीस वर्षं झाली."

"सव्वीस," धाकटे म्हणाले.

"बघा. तेही तुम्हालाच बरोबर माहीत."

दुसऱ्या दिवशी हॉल भरला होता. पडद्यावर सासूबाई बोलू लागल्या आणि धाकट्यांच्या बायकोने तोंडावर पदर धरला. सासरेबुवांनी कानातलं यंत्र काढून पुसलं, परत घातलं. फिल्म संपल्यावर ते म्हणाले, "कुणी केलं रे हे?"

धाकटे उठायच्या आत थोरले उठले. "बाबा, सगळं धाकट्यांनी केलं. मी नुसती खुर्ची धरली."

टाळ्यांचा कडकडाट झाला. "किती मोठं मन!" मेट्रनबाई म्हणाल्या. "हल्ली कोण कुणाला श्रेय देतं?" मास्तर म्हणाले. सासरेबुवांनी थोरल्यांना जवळ ओढून पाठ थोपटली. फिल्म केली धाकट्यांनी आणि पाठ थोपटली गेली थोरल्यांची! धाकट्यांच्या डोक्यात चौऱ्याऐंशीच्या वर ताप चढला. गाडी, दुकान, आवाज, शर्ट, सगळं एक वेळ सहन केलं. आता मोठेपणाही यांचाच?

ते उठले आणि ध्वनिवर्धक हातात घेतला. "थांबा. खरं काय ते मी सांगतो." मग त्यांनी सगळं सांगितलं. सील, भिंग, गोधडी, दारातलं टेबल, लाडके ारेबुवा, नखाने निघालेला कागद, आणि ओघात आलंच म्हणून गुडघेही. "गुडघे ठणठणीत आहेत. बारा वर्षं ठणठणीत आहेत," ते म्हणाले. हॉल हसून लोटपोट झाला. सासरेबुवांना ठसका लागला आणि मेट्रनबाई धावल्या. बायको हसत होती, मान मागे टाकून, मोठ्याने. पडद्यावर तिची आई हसली होती तशीच. एवढं हसताना धाकट्यांनी तिला कितीतरी वर्षांत पाहिलं नव्हतं, आणि हे हसू साडूकडून उसनं आणलेलं नव्हतं.

हॉल रिकामा होताना थोरले जवळ आले. चेहरा पडलेला. "साडूभाऊ, मी सगळं नीट झाकून ठेवलं होतं हो. ते उघडं करून पुन्हा तुम्हीच भाव खाऊन गेलात. पहिल्यापासून हे असंच आहे."

सव्वीस वर्षं हा माणूसही जळत होता आणि आपल्याला पत्ता नव्हता. "तो एसी," धाकटे म्हणाले, "अजून द्याल का?"

पुढच्या आठवड्यात थोरले स्वतः टेप घेऊन आले. टेबल दारातून हललं होतं. त्यांनी खिडकीपाशी खुर्ची ओढली, वर चढले आणि भिंतीवर पेन्सिलने खूण करायला लागले. धाकट्यांनी खाली बसून दोन्ही हातांनी खुर्ची घट्ट धरली. माप बोटभर चुकतंय हे त्यांना खालूनही स्पष्ट दिसत होतं. जीभ दातांपर्यंत आली.

"बरोबर आहे ना, साडूभाऊ?" थोरल्यांनी वरून विचारलं.

"अगदी बरोबर," धाकटे म्हणाले.